जुनी पोस्टकार्डं ऑनलाइन टाकताय? फाइल छोटी करा, पण अक्षर जाऊ देऊ नका

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं चारठाणा रील्समध्ये दिसतं ते जुनी मंदिरं, बारव आणि उंच दगडी स्तंभामुळे. दगडांचे फोटो भरपूर निघतात. कागदाचे मात्र फारसे निघत नाहीत. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा भिंतीवरच्या तारेला अडकवलेली पोस्टकार्डं अजून पडून आहेत. मध्यभागी तारेचं भोक, कडा पिवळ्या, शाई तपकिरी झालेली. मुलगी सुखरूप पोहोचली, पाऊस झाला नाही, बैलजोडी विकली, दहावीचा निकाल लागला, असा सगळा मजकूर त्यावर.

समजा, अशी 200 कार्डं तुमच्या हाती लागली आणि तुम्ही ठरवलं की सगळी स्कॅन करून एका पेजवर टाकायची. पुढची आणि मागची बाजू धरून झाले 400 स्कॅन. फोल्डर उघडून पाहिलं तर साइज 8 जीबीच्या वर. गावातल्या नेटवर अपलोड होईना, फोनमध्ये जागा उरेना. मग कुणीतरी सांगतं, "अरे, कम्प्रेस कर ना!" सल्ला बरोबर आहे, पण तो चुकीच्या पद्धतीने अमलात आणला तर कार्डाचं चित्र राहतं आणि त्यावरचं अक्षर जातं.

एवढं काय असतं त्या कार्डावर?

भारतात पहिलं पोस्टकार्ड निघालं 1 जुलै 1879 रोजी, किंमत पाव आणा. पण चारठाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा सगळा भाग सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं टपाल खातंही स्वतःचं होतं. 1869 पासून त्यांची स्वतःची तिकिटं निघत होती, आणि 1950 मध्ये हे खातं भारतीय टपालात विलीन झालं. निजामाच्या बऱ्याच तिकिटांवर उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार लिपींत किंमत छापलेली असायची. तीही नखाएवढ्या जागेत. त्यावर पुन्हा टपालाचा शिक्का, अर्धा उमटलेला. कुठल्या गावाहून, कुठल्या तारखेला पत्र निघालं, याचा पुरावा बहुतेक वेळा त्या अर्ध्या शिक्क्यातच असतो. कारण पत्र लिहिणारे तारीख टाकायचे, पण साल टाकायचेच असं नाही.

त्यात पत्र मोडीत असेल तर आणखी पंचाईत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरगुती लिखाणात मोडी चालू होती. लेखणी फारशी न उचलता लिहिलेली, एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं. मोडी वाचणारे लोक एका बारीक वळणावरून अक्षर ठरवतात. ते वळण फाइल छोटी करताना पुसलं गेलं की ते ओळखण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि मूळ कार्डाला वाळवी लागली, तर हा स्कॅनच शेवटची प्रत ठरतो.

साइज नेमका येतो कुठून?

थोडं गणित करू, कारण ते कळलं की निम्मं काम होतं.

आपलं पोस्टकार्ड 14 सेंटीमीटर लांब आणि 9 सेंटीमीटर रुंद. डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा. 300 डीपीआयवर हे कार्ड साधारण 1654 बाय 1063 पिक्सेलचं होतं. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा मिळून 3 बाइट लागतात, म्हणजे कुठलंही कम्प्रेशन न करता सुमारे 5 एमबी. 600 डीपीआयवर लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट, त्यामुळे फाइल चौपट, सुमारे 21 एमबी. 1200 वर तेच कार्ड 84 एमबीच्या आसपास जातं.

म्हणजे डीपीआय दुप्पट केला की साइज चौपट, आणि चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली की साइज पाव. दुसरं कुठलंही बटण एवढा फरक पाडत नाही.

आता एक अगदी साधी गोष्ट जी हमखास राहून जाते. कार्ड काचेवर ठेवलं आणि अख्खी ए-फोर काच स्कॅन केली, तर तुम्ही कार्डाच्या पाचपट जागा साठवताय. बाकीची चार पट नुसती झाकणाची पांढरी पाठ. स्कॅन करण्याआधी प्रीव्ह्यूमध्ये चौकट कार्डापुरती ओढली, की एक अक्षरही न गमावता फाइल पाचव्या हिश्श्यावर येते. कडेला दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा, म्हणजे कार्डाची खरी कडा दिसते आणि कापलंय की काय अशी शंका राहत नाही.

काच पुसून घ्या, हेही साइजसाठीच. धूळ म्हणजे शेकडो बारीक ठिपके, आणि कम्प्रेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरला धूळ आणि अनुस्वार यातला फरक कळत नाही. ते दोन्ही इमानदारीने साठवतं. कार्डाच्या मागे काळा कागद ठेवला तर मागच्या बाजूची शाई पुढे दिसत नाही, वाचायला सोपं जातं.

300 की 600?

एक मिलिमीटर उंचीचं अक्षर घ्या. तिकिटावरचं किंवा शिक्क्यातलं अक्षर साधारण एवढंच असतं. 300 डीपीआयवर त्याला उंचीत 12 पिक्सेल मिळतात, 600 वर 24. 12 पिक्सेलमध्ये इंग्रजी अक्षर ओळखता येतं. देवनागरीत मात्र वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, हे सगळं त्याच 12 पिक्सेलमध्ये बसवायचं असतं. म्हणून हाताने लिहिलेल्या आणि शिक्का असलेल्या कार्डांसाठी मूळ स्कॅन 600 वर करावा असं माझं स्पष्ट मत आहे. 1200 ची गरज क्वचितच. एखादं दुर्मीळ तिकीट असेल तर तेवढाच भाग वेगळा स्कॅन करा.

नव्वदच्या दशकातली दिवाळीची भेटकार्डं, नटनट्यांची कार्डं, देवांची चित्रं अशा छापील मालाला हे लागू नाही. तिथे वेगळीच अडचण आहे. छापखान्यात रंगीत चित्र बारीक ठिपक्यांनी छापलेलं असतं. स्कॅनरचे ठिपके आणि छपाईचे ठिपके एकमेकांवर आले की चित्रावर जाळीसारखी नक्षी उमटते. शिवाय तो प्रत्येक ठिपका फाइलमध्ये जागा खातो. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये 'डीस्क्रीन' नावाचा पर्याय असेल तर अशा कार्डांसाठी तो चालू करा. नक्षी जाते आणि छोटी प्रत बनवताना साइजही घटतो. हस्तलिखिताला मात्र डीस्क्रीन अजिबात लावू नका, शाईच्या कडा पुसट होतात. सोनेरी फॉइलवाल्या लग्नपत्रिका स्कॅनरवर काळपट येतात. त्यांचा खिडकीजवळ उभं राहून फोटोच काढलेला बरा.

जेपीजी आत काय करतं?

जेपीजी हा फॉरमॅट 1992 पासून आहे. त्याच्या मुळाशी जे गणित आहे, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, ते मांडणारे नसीर अहमद हे मूळचे बंगळूरचे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. आज तुम्ही फॉरवर्ड करता ते बहुतेक प्रत्येक 'गुड मॉर्निंग' या गणितातून गेलेलं असतं.

काम साधारण असं चालतं. चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोनी तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात हळूहळू बदलणारा भाग कोणता आणि पटकन बदलणारा कोणता, हे वेगळं काढलं जातं. मग पटकन बदलणाऱ्या भागाची माहिती आधी टाकून दिली जाते, कारण आकाशात, चेहऱ्यावर किंवा भिंतीवर ती गेली तरी डोळ्याला कळत नाही. फोटोंसाठी ही युक्ती अफलातून आहे.

पण कागदावरचं अक्षर म्हणजे काय? पांढऱ्यावरून एकदम काळं, पुन्हा एकदम पांढरं. नेमका पटकन बदलणारा भाग. म्हणून क्वालिटी खूप खाली आणली की आधी मार अक्षरांना बसतो. त्यांच्याभोवती मळकट डाग दिसतात, बारीक रेषा तुटतात, अनुस्वार गायब होतो. जेपीजी रंगांची माहिती काळ्या-पांढऱ्यापेक्षा ढोबळपणे साठवतं. त्यामुळे लाल तिकिटावरच्या जांभळ्या शिक्क्याची कडा काळ्या शाईच्या आधी विस्कटते.

आणि हे एकदा होऊन थांबत नाही. जेपीजी उघडली, थोडी कापली, पुन्हा सेव्ह केली, की पुन्हा कम्प्रेशन. पाच जणांनी पाच वेळा केलं तर पाच थर.

मग किती छोटी करायची?

इथे सेवा केंद्रांतली सवय आड येते. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना फोटो 20 ते 50 केबी आणि सही 10 ते 20 केबी लागते. त्यामुळे कुठल्याही झेरॉक्स सेंटरवर स्कॅन दिला की "किती केबीत बसवू?" हा पहिला प्रश्न येतो. पासपोर्ट फोटोत एक चेहरा असतो, तो 50 केबीत ओळखू येतो. पोस्टकार्डावर शंभर-दीडशे शब्द असतात. ते 50 केबीत कोंबले तर राहतो तो कार्डाचा रंग. पोस्टकार्डासाठी केबी ठरवून मागे येऊ नका. आधी पिक्सेल ठरवा, मग क्वालिटी, आणि येईल तो साइज घ्या.

वाचण्यासाठीच्या प्रतीला लांब बाजू 1600 पिक्सेल आणि जेपीजी क्वालिटी 80 ते 85, एवढं बहुतेक कार्डांना पुरतं. फाइल साधारण 300 ते 500 केबीच्या दरम्यान येते. मजकूर खूप दाट असेल तर 2000 पिक्सेल घ्या. क्वालिटी 100 ठेवण्यात अर्थ नाही. 90 च्या वर साइज झपाट्याने वाढतो आणि डोळ्याला फरक जवळपास दिसत नाही, आणि 100 म्हणजे 'काहीच गमावलं नाही' असंही नसतं.

400 स्कॅनचा हिशेब पुन्हा करू. मूळ 600 डीपीआयच्या टिफ फाइल्स 400 गुणिले 21 एमबी, म्हणजे 8.4 जीबी. वाचायच्या प्रती सरासरी 400 केबी धरल्या तर 160 एमबी. पन्नास पटींहून जास्त फरक, आणि तरी पत्र वाचता येतं.

वेबपी नावाचा नवा फॉरमॅट गूगलने 2010 मध्ये आणला. गूगलच्याच तुलनेत तो तेवढ्याच दर्जाला जेपीजीपेक्षा 25 ते 34 टक्के छोटा पडतो. वेबसाइटवर टाकायला छान. पण काका-मावशींना पाठवायच्या प्रतीसाठी जेपीजीच ठेवा, ते कुठल्याही जुन्या मशीनवर उघडतं. पीएनजीत काही गमावत नाही, पण जुन्या कागदाच्या रंगीत स्कॅनची फाइल फार मोठी होते. इथे त्याचा उपयोग नाही.

एक गैरसमजही सांगून टाकते. काही व्हिडिओंत सांगतात की डीपीआयच्या रकान्यात 300 खोडून 72 लिहा, फाइल हलकी होते. पिक्सेल तेवढेच ठेवून नुसता आकडा बदलला तर फाइल होती तेवढीच राहते. तो आकडा फक्त प्रिंटरला सांगतो की छापताना चित्र किती इंचांचं काढायचं.

व्हॉट्सॲपवर पाठवलं तर?

व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलपर्यंत खाली आणतं आणि वर स्वतःचं कम्प्रेशन लावतं. एक कार्ड असेल तर ते 290 डीपीआयच्या आसपास राहतं, म्हणजे वाचता येतं. पण वेळ वाचवायला ए-फोर काचेवर चार कार्डं एकत्र ठेवून स्कॅन केलं (चार बरोबर बसतात) आणि तो एकच फोटो पाठवला, तर 1600 पिक्सेल 29.7 सेंटीमीटरमध्ये वाटले जातात. डीपीआय उरतो 137. आपलं एक मिलिमीटरचं अक्षर आता पाच पिक्सेलचं, म्हणजे जेपीजीच्या एका चौकोनी तुकड्यापेक्षाही लहान. शिक्का वाचायचा प्रश्नच संपला. चार कार्डं एकत्र स्कॅन करायला हरकत नाही, पण आधी कापून वेगळी करा आणि मग पाठवा.

'एचडी' निवडलं तर थोडं बरं. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. झेरॉक्सवाल्या दादांकडून स्कॅन घेताना हे नक्की सांगा. सोबत हेही: रंगीत, 600 डीपीआय, जेपीजी किंवा टिफ, पीडीएफ नको. आणि कार्ड काचेवर ठेवूनच स्कॅन करायचं, कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये घालायचं नाही. तारेचं भोक असलेलं कार्ड तिथे फाटायला वेळ लागत नाही.

फेसबुकही मोठे फोटो 2048 पिक्सेलपर्यंत खाली आणतं आणि इन्स्टाग्राम 1080 पिक्सेल रुंदीवर. म्हणून सोशल मीडियावरची पोस्ट म्हणजे संग्रह नव्हे. ती संग्रहाची जाहिरात आहे असं समजा.

स्कॅनर नसेल तर

आजकालच्या फोनचा 12 मेगापिक्सेल फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. कार्ड पूर्ण चौकटीत आलं तर आकड्यांत ते 600 डीपीआयच्याही वर जातं. प्रत्यक्ष दर्जा लेन्स, हात आणि उजेडावर ठरतो. दिवसा सावलीतला उजेड, फ्लॅश बंद, फोन कार्डाला अगदी समांतर, एवढं सांभाळलं तर काम होतं. स्कॅनिंग ॲप वापरत असाल तर फिल्टर बंद करा. ही ॲप बिलं आणि मार्कशीट यांच्यासाठी बनलेली असतात. ती पिवळा कागद पांढराशुभ्र करतात आणि त्या झटक्यात पेन्सिलने लिहिलेला मजकूर, फिका शिक्का, सगळं 'डाग' समजून पुसतात.

मूळ फाइल कुठे ठेवायची?

वर सांगितलेलं सगळं छोटं करणं फक्त प्रतींवर करायचं. मूळ स्कॅन एका वेगळ्या फोल्डरमध्ये, ज्यात कुणी काही एडिट करणार नाही. ग्रंथालयं आणि अभिलेखागारं मूळ प्रत साधारण टिफमध्ये ठेवतात, आणि 8.4 जीबी एका साध्या 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर सहज मावतात. पेन ड्राइव्ह बिघडतात, म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर किंवा दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. टिफ जमत नसेल तर क्वालिटी 95 ची जेपीजी मूळ म्हणून चालेल. घरगुती संग्रहासाठी मला ती तडजोड मान्य आहे, अट एकच की ती फाइल पुन्हा सेव्ह करायची नाही.

गूगलची मोफत जागा 15 जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहे. फोटोजमधली मोफत अमर्याद साठवण 1 जून 2021 पासून बंद झाली. तिथे 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर तुमची मूळ फाइलही पुन्हा कम्प्रेस होते, त्यामुळे सेटिंग तपासून 'ओरिजिनल क्वालिटी' करा.

प्रती बनवायला 400 फाइल्स एकेक उघडायची गरज नाही. विंडोजवर इर्फानव्ह्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल मेनूमधल्या बॅच कन्व्हर्जनमध्ये लांब बाजू आणि क्वालिटी टाकली की अख्खं फोल्डर एका दमात होतं. आउटपुटसाठी वेगळं फोल्डर निवडलंय ना, हे बटण दाबण्याआधी दोनदा बघा. दोन-चार फाइल्सच असतील तर गूगलच्या डेव्हलपर टीमचं स्कूश ब्राउझरमध्ये चालतं. तुमचं चित्र कुठल्या सर्व्हरवर जात नाही, आणि मूळ व छोटी प्रत शेजारी-शेजारी ठेवून क्वालिटीचा आकडा हलवता येतो. सगळ्यात फिक्या शिक्क्याचं कार्ड घ्या, त्यावर सेटिंग ठरवा, मग तेच बाकीच्यांना लावा. उलटं, म्हणजे सगळ्यात ठळक कार्ड बघून ठरवलं, तर फिकी कार्डं जातात.

पेजवर टाकताना

यादीच्या पानावर मोठी चित्रं लावू नका. एका पानावर 40 कार्डं आणि प्रत्येकी 5 एमबी म्हणजे पान उघडलं की 200 एमबी गेले. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर असलेला माणूस दुसऱ्यांदा तिथे येणार नाही. यादीत 300 पिक्सेलची छोटी चित्रं ठेवा, प्रत्येकी 20-25 केबी, म्हणजे अख्खं पान 1 एमबीत बसतं. क्लिक केल्यावर 1600 पिक्सेलची प्रत उघडू दे. मोडी वाचणाऱ्या कुणाला मूळ हवी असेल तर ती मागितल्यावर पाठवता येईल.

फाइलच्या नावात गाव, तीन आकडी क्रमांक आणि पुढे की मागे, एवढं इंग्रजी अक्षरांत लिहा. काही वेबसाइट आणि जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावांवर अडखळतात. वाचलेला मजकूर मात्र देवनागरीत टाइप करून चित्राखाली द्या. तो काही केबींचा असतो आणि सर्चमध्ये सापडतो तो तोच, चित्र नव्हे.

फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असू शकतात. ऑनलाइन प्रतीतून ते काढून टाका. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'मेटाडेटा ठेवू नका' असा पर्याय असतो आणि त्याने चार-दोन केबीही वाचतात. शेवटचं, पत्र तुमच्या घरी आलं म्हणजे कागद तुमचा, पण मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. भारतात तो साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. त्यात पत्रांमध्ये आजार, उसनवारी, मोडलेली सोयरीक असं बरंच काही निघतं. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या घरच्यांना आधी विचारा. कुणी नको म्हटलं तर ते कार्ड ऑनलाइन यादीतून काढा. पत्ता झाकायचा असेल तर तो ऑनलाइन प्रतीवरच झाका, मूळ स्कॅनवर नाही.